चौथ्या ठोक्याचा उशीर

त्या घरात दाराबाहेरचा लाल दिवा लागला की संडासात पाणी सोडायचं नाही, असा नियम होता. हसू नका. मी स्वतः पाळलाय तो, चांगले चार महिने. दिवा लागला म्हणजे आत रेकॉर्डिंग चालू. मग पंखे बंद, मिक्सर बंद, बेलची वायर काढून ठेवलेली, आणि शिंक आलीच तर उशीत तोंड खुपसून द्यायची. उस्तादांच्या म्हाताऱ्या आई एकदा आत गेल्या आणि नेमका दिवा लागला. पाणी न सोडता बाहेर येणं त्यांच्या स्वभावात नाही. पंचवीस मिनिटं ती माउली आत बसून राहिली, कारण गाणाऱ्या मास्तरांचा एक सूर लागत नव्हता. भिंतीला धरून बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तुला गिटार घेऊन दिली तिथेच माझं चुकलं."

उस्ताद म्हणजे खरं तर चष्मेवाले. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा करायचं आणि घरी येऊन गिटार बडवायची. कॉम्प्युटर, माइक आणि बटणांचं ते खोकं घरात आलं त्या दिवसापासून आपणहून स्वतःला उस्ताद म्हणवून घ्यायला लागले. मागची झोपायची खोली बळकावली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या भिंतींना ठोकल्या. भिंती गादीवर आणि माणसं चटईवर, असा तो स्टुडिओ. तिथे ह्यांचा अल्बम होणार होता. नऊ गाण्यांचा. रॉक!

बँडमध्ये चौघं. गाणारे मास्तर ड्रायव्हिंग शिकवतात. दिवसभर "ब्रेक! अहो ब्रेक!" असं किंचाळून घशाची पार चाळण झालेली, आणि तो घसा घेऊन गाणार. गोळ्यावाले औषधांच्या दुकानात असतात. ते जाड तारांची गिटार वाजवतात आणि बोलत नाहीत, म्हणजे सगळ्यांत शहाणे तेच. आणि ड्रमवर आमचे हे. चौघांची वयं मिळवली तर दोनशेच्या पुढे जातात. बँडचं नाव मी सांगणार नाही. उस्तादांनी कॉलेजात असताना ठेवलेलं ते, आणि तेव्हाही वाईटच होतं.

आता ह्यांच्याबद्दल सांगते, कारण सांगायचं आहे ते ह्यांच्याबद्दलच.

हे फरशी बसवतात. तीस वर्षं झाली, गुडघ्यांवर. माणूस इतका गरीब की दुकानदाराने सडका टोमॅटो दिला तर तो घरी येऊन धुऊन ठेवतील, परत नेऊन देणार नाहीत. पण फरशीच्या बाबतीत कुणाच्या बापाला ऐकायचे नाहीत. एका घरी बाथरूमची फरशी बसवून झाली, सांधे भरून झाले, घरमालक खूश. ह्यांनी जाता जाता रबरी हातोड्याने ठोकून पाहिलं तर चार फरश्या पोकळ वाजल्या. मालक म्हणाला, राहू द्या हो, कुणाला कळणार आहे? ह्यांनी हातोडा पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी जाऊन सगळी जमीन उखडली. सगळी! चारच फरश्या पोकळ होत्या ना, असं मी विचारलं, तर म्हणाले, "खालचा सिमेंटचा माल एकाच हाताने कालवला होता. चार वाजल्या, बाकीच्या उद्या वाजतील."

फरशी ठोकायची ह्यांची एक पद्धत आहे. चार कोपरे. पहिला, दुसरा, तिसरा ठोकायचा, मग क्षणभर हात थांबवून ऐकायचं, आणि मग चौथा. एक, दोन, तीन... चार. पायऱ्या उतरताना शेवटच्या पायरीवर पाऊल जरा थांबतं ना, तेवढंच. सव्वीस वर्षांपूर्वी हे उस्तादांच्याच घरी हॉलची जमीन करत होते. कोपऱ्यात ड्रम पडलेला. वाजवणारा नोकरीसाठी गाव सोडून गेलेला. उस्ताद दारात उभे राहून ह्यांचा हातोडा ऐकत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही ताल धरताय!" ताल कसला डोंबलाचा, माणूस फरशी तपासत होता. पण ह्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी चांगलं म्हटलं होतं. संध्याकाळी घरी आले ते हातात दोन काठ्या घेऊनच.

तेव्हापासून माझ्या कपाळी तो ताल आला. मी कपडे अल्टर करून देते. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, कंबर आत घ्यायची, असली कामं. मशीन पुढच्या खोलीत. पलीकडच्या खोलीत हे रबराच्या मॅटवर काठ्या आपटत. घरात ड्रम आणायचा नाही, आणलात तर एक तर तो राहील नाही तर मी, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, म्हणून ती मॅट. तरी ऐकू यायचंच. धप, धप, धप... आणि चौथा येईपर्यंत माझा जीव टांगणीला. मी इकडून ओरडायची, "अहो, टाका की एकदाचा तो चौथा!" हे तिकडून हसायचे. ह्यांचा कार्यक्रम कधी बघायला गेले नाही मी. दोनदा कुठल्या तरी हॉलमध्ये वाजवलं होतं म्हणे. घरी फुकट ऐकतेय तेच उतू जात होतं, बाहेर जाऊन कशाला ऐकू?

तर गेल्या वर्षी ह्यांचा उजवा खांदा गेला. हातोडा उचलताना कळ यायची, मग केस विंचरताना यायला लागली. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की आतला स्नायू फाटलाय, ऑपरेशन लवकर करा. फरशीचं काम यापुढे दुसऱ्यांकडून करून घ्या, तुम्ही नुसतं उभं राहून सांगा. हे म्हणाले, "आणि ड्रम?" डॉक्टर हसले. त्यांना वाटलं गंमत करतायत. मी म्हटलं, "ड्रम बंद. लिहून द्या तसं, ह्यांना लिहिलेलं कळतं."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, अल्बमचं वाजवून झाल्यावर करू ऑपरेशन. चार महिने.

मी रस्त्यातच बोलायला सुरुवात केली. काय बोलले ते आता सांगत नाही, शेजारच्या फळवाल्याने मान खाली घातली एवढं सांगते. त्या अल्बमसाठी हात घालवणार? कोण ऐकणार आहे तो? मास्तरांच्या विद्यार्थ्यांना सक्तीने ऐकवतील तेवढाच. हे सगळं ऐकून घेत होते, नेहमीसारखे. घराच्या दारात आल्यावर म्हणाले, "वाजवताना माझं मला ऐकू येत नाही गं. सगळं लक्ष हातात असतं. एकदा नुसतं बसून ऐकायचंय, मी कसा वाजवतो ते. पुन्हा थोडंच वाजवायला मिळणार आहे?"

भांडायला माणूस भांडणारा लागतो. मी कुलूप उघडलं.

मग दर रविवारी दुपारी मी बरोबर जायला लागले. गाणं ऐकायला नव्हे. दर दोन गाण्यांनंतर ह्यांच्या खांद्याला मलम चोळायचं आणि शेक द्यायचा, त्यासाठी. लाल दिव्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, बाजूला उस्तादांच्या आई, दोघींच्या तोंडाला कुलूप. उस्तादांनी ह्यांच्या कानात ती टिकटिक घातली होती. मशीनची टिकटिक, घड्याळासारखी, तिच्या बरोबर वाजवायचं. आणि दर पाच मिनिटांनी दार उघडून तेच रडगाणं: "चौथा मागे पडतोय! पुन्हा घ्या." हे पुन्हा घ्यायचे. पुन्हा मागे पडायचा. मी खुर्चीवर मनात म्हणायची, सव्वीस वर्षं मी ओरडतेय, माझ्याने हलला नाही तो चौथा, तुमच्या टिकटिकीने काय हलणार आहे!

शेवटचं गाणं वाजवलं तेव्हा ह्यांना हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. उजव्या बाजूची झांज गोळ्यावाल्यांनी खाली ओढून गुडघ्यापाशी आणून दिली. कुणी न सांगता. मी म्हटलं ना, सगळ्यांत शहाणे तेच. गाणं संपलं, दिवा विझला आणि हे बाहेर आले ते घामाने निथळत, शर्टाचं बटणही लावता येईना. मी लावलं. चेहरा मात्र असा की जणू मोठं मैदान मारून आले आहेत.

त्यानंतर सहा आठवडे उस्ताद एकटेच त्या खोलीत कोंडून घेऊन बसले. "साफसफाई चालू आहे," म्हणायचे. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. तिच्या आधीचा रविवार उस्तादांनी ऐकण्यासाठी ठरवला. सगळ्यांनी यायचं, घरच्यांसकट. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. सकाळपासून चार वेळा किती वाजले विचारलं. मी चिडवलं, "नवरदेवासारखं काय चाललंय?" तर लाजले हो. चोपन्न वर्षांचा बाप्या लाजला.

त्या गादीच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो. मास्तर घसा खाकरत, गोळ्यावाले कोपऱ्यात, उस्तादांच्या आई एकुलत्या एक खुर्चीवर. हे जमिनीवर, पाय दुमडून, डावा तळहात फरशीवर टेकलेला. ती फरशीही ह्यांनीच बसवलेली. उस्तादांनी छोटंसं भाषण ठोकलं, दोन वर्षांची तपश्चर्या वगैरे. तपश्चर्या म्हणे! तपश्चर्या केली ती त्यांच्या आईने, संडासात बसून. मग त्यांनी बटण दाबलं.

गिटार सुरू झाली. मग ड्रम आला. एक दोन तीन चार, एक दोन तीन चार.

मला आधी कळेना काय होतंय. पाय अवघडल्यासारखा झाला. मशीनवर बसते तो उजवा पाय. काहीतरी राहतंय, काहीतरी चुकतंय, असं सारखं वाटायला लागलं. मी चौथ्याची वाट बघायला जावं तर तो येऊन गेलेला. दर वेळी. पहिलं गाणं संपलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दुसरं सुरू झालं. तेच. एक दोन तीन चार, पट्टी धरून मारल्यासारखं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मान खाली. हात फरशीवरून उचलून मांडीवर घेतलेला.

"बंद करा ते," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी उठले आणि मोठ्याने म्हटलं, "भावजी, बंद करा ते! हे कोण वाजवतंय?"

उस्तादांनी आवाज बंद केला. "कोण म्हणजे काय वहिनी? हेच वाजवतायत की."

"हे हे नव्हेत."

मास्तर हसले. उस्तादांनीही हसून घेतलं. "वहिनी, तुम्ही आजवर एक कार्यक्रम पाहिला नाहीत, आणि तुम्ही सांगणार?"

"कार्यक्रम नाही पाहिला. सव्वीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय. तुम्ही आठवड्याला दोन तास ऐकता, मी रोज ऐकते, आणि वैतागून ऐकते, म्हणजे नीट ऐकते. ह्यांचा चौथा उशिरा पडतो. हा वेळेवर पडतोय. माझ्या नवऱ्याचा चौथा वेळेवर पडला असता तर माझं अर्धं आयुष्य सुखात गेलं असतं. कुठून आणलात हा माणूस?"

मग उस्तादांचा चेहरा खुलला. लाज वाटायची ती राहिली बाजूला, गडी फुलून आला! म्हणजे त्यांची कारागिरी कुणाच्या तरी लक्षात आली होती. पडद्यावर उभ्या रेघांची ओळ दाखवून म्हणाले, "माणूस नाही वहिनी, मशीन! ह्यांचे ठोके वाकडे पडत होते, हे बघा, असे. प्रत्येक चौथा मागे. मी एकेक उचलून रेघेवर आणून ठेवला. पण मग त्यांचा आवाज जुळेना, म्हणून ठोकेच मशीनमधले घातले. आता बघा कसं ओळंब्यात आलंय! सहा आठवडे लागले."

म्हणजे हा माणूस गाणं डोळ्यांनी ऐकत बसला होता. जन्मभर लोकांचे डोळे तपासले, स्वतःचे कान कधी तपासले नाहीत.

"आणि ह्यांनी वाजवलेलं? ते कुठे आहे?"

"ते... जागा भरली होती हो कॉम्प्युटरमधली. आणि कामही झालं होतं." उस्तादांचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. "उडवलं."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ."

उस्तादांच्या आई खुर्चीवरून म्हणाल्या, "मेल्या, त्याचा हात बघितलास का तू?" तेवढंच. माझ्या डोळ्यांसमोर ते बटण आलं, जे ह्यांना लावता येत नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला रडण्याआधी राग येतो. मी त्या माणसाला असं काही फाडलं की मास्तर, जे रोज रस्त्यावर ओरडतात, तेही भिंतीच्या गादीला टेकून उभे राहिले. मी विचारलं, एखाद्याने मजबूत बसवलेली जमीन उखडून त्यावर प्लास्टिक अंथरलं आणि म्हटलं बघा किती सपाट, तर त्याला काय म्हणायचं? मूर्ख म्हणायचं की आणखी काही, तेवढं सांगा.

हे उठले. एका हाताने जमिनीला रेटून. मला म्हणाले, "पुरे." मग उस्तादांना म्हणाले, "हे मी वाजवलेलं नाही. माझं नाव काढा त्यावरून."

"अहो, असं काय करता? तुमचंच आहे ते, फक्त सरळ केलंय."

"मी न बसवलेल्या जमिनीला माझं नाव सांगत नाही," हे म्हणाले आणि चपला घालायला लागले. रागावलेले नव्हते. तेच मला सहन होईना.

रस्त्याने मी पुन्हा तोंड सोडलं. उस्तादांवर नव्हे, ह्यांच्यावर. "तुम्हाला पहिल्या गाण्यालाच कळलं होतं. हात काढून घेतलात जमिनीवरून. मग मूग गिळून का बसलात? मी बोलले नसते तर नऊ गाणी ऐकून, मान डोलवून घरी आला असतात!"

ह्यांनी डाव्या हाताने दुखरा खांदा धरला. मग म्हणाले, "मला वाटलं, असंच असायला हवं होतं. माझंच सव्वीस वर्षं चुकत होतं. मशीनला जास्त कळणार ना?"

मी रस्त्यात उभी राहिले. ज्या माणसाने चार फरश्यांसाठी अख्खी जमीन उखडली, त्याला त्या चष्मेवाल्याच्या खोक्याने एका दुपारी पटवलं होतं की तू पोकळ आहेस. आणि खोटं कशाला बोलू, मीही तेच ओरडत आले होते की, "टाका तो चौथा" म्हणून. मला म्हणायचं होतं की तुमचं बरोबर होतं. तोंडातून निघालं, "चला लवकर, पाठ धरलीय माझी."

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. हात पट्ट्यात, दीड महिना हलवायचा नाही. हे पुढच्या खोलीत खिडकीपाशी आरामखुर्चीत बसायला लागले, माझ्या मशीनसमोर. तीस वर्षांत हा माणूस दिवसाढवळ्या घरात बसलेला मी पाहिला नव्हता. वर्तमानपत्र नको, टीव्ही नको. डोळे मिटून नुसतं बसायचं. मला वाटलं मनाला लावून घेतलंय. मी चिडायची, "असं बसू नका हो प्रेतासारखं, काहीतरी बोला!" हे म्हणायचे, "तू शिव." रबराची मॅट मी कपाटावर टाकून दिली होती, डोळ्यांसमोर नको म्हणून.

अल्बम बाहेर आला म्हणे, इंटरनेटवर. ड्रमवाल्याच्या नावाशिवाय.

महिना झाला असेल. सकाळी अकराच्या सुमाराला दारात उस्ताद. हातात सफरचंदांची पिशवी, चेहरा पडलेला. मी दार अडवूनच उभी राहिले. आतून हे म्हणाले, "येऊ दे गं."

आले आणि स्टुलाच्या टोकावर बसले. खांद्याची चौकशी केली. मग मूळ मुद्द्यावर. मास्तर गायला तयार नव्हते. कुठेतरी कार्यक्रम ठरला होता, मशीनच्या ड्रमवर गायचं होतं, तर मास्तर दुसऱ्याच कडव्यात धापा टाकायला लागले. सव्वीस वर्षं ते ह्यांच्या त्या उशिरात श्वास घेत आले होते, आणि त्यांचं त्यांनाही ते माहीत नव्हतं. आता श्वासाला जागाच उरली नव्हती. उस्तादांनी सगळी जागा साफ करून टाकली होती ना!

मला हसू आवरेना. "मग घाला की पुन्हा उशीर. मशीनला सांगा."

"तेच विचारायला आलोय वहिनी. आकडा टाकावा लागतो. सेकंदाचा कितवा भाग ते सांगावं लागतं. मी पाच-सहा आकडे घालून पाहिले, मास्तर म्हणतात हा तो नव्हे. तुम्हाला एका क्षणात ओळखू आलं होतं, म्हणजे तुम्हाला माहीत असणार. किती उशीर, तेवढं सांगा."

म्हणजे बघा! आधी काढून फेकायचा आणि मग तोच मोजून मागायला यायचं, तोही आमच्याच दारात! मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "तिला नाही माहीत."

"मला नाही माहीत? मीच तर ओळखलं!"

"ओळखलंस. पण माहीत नाही तुला." हे मंद हसत होते. "ती पँट पुरी कर बघू. मघाशी अर्धवट ठेवलीस ती."

"घरात माणूस आलाय आणि मी पँट शिवू?"

"शिव गं."

चडफडत बसले. एका शाळेच्या शिपायाची पँट होती, खालून चार बोटं दुमडायची. कापड सरकवून पॅडल दाबलं. लांब शिवण मी एका दमात मारत नाही, तुकड्यातुकड्याने मारते. टर्र. टर्र. टर्र. आणि कापड हाताने जरा सारखं करून, टर्र. पुन्हा, टर्र, टर्र, टर्र...

टर्र.

ह्यांच्या डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांड्यावर पडत होतं. माझ्या पायाबरोबर. चौथं माझ्या आधी नाही, माझ्या नंतर नाही.

माझा पाय पॅडलवरच थांबला. उस्तादांचं तोंड उघडं पडलं होतं. मी विचारलं, "हे कधीपासून?"

"तुझं तुला माहीत. मला महिन्याभरापूर्वी कळलं, इथे बसल्यावर. आधी मी तिकडे काठ्या आपटत असायचो, मला कुठून ऐकू येणार?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकदा नुसतं बसून ऐकायचं होतं ना मला. महिनाभर रोज ऐकतोय. माझं चुकत नव्हतं गं."

मी मान खाली घालून सुईत दोरा ओवायला लागले. दोरा सुईतच होता.

तेवढ्यात उस्तादांनी खिशातून मोबाईल काढला. "वहिनी, एक मिनिट, फक्त एकदा पुन्हा तसंच..."

"ठेवा तो खिशात!" मी अशी ओरडले की सफरचंदांची पिशवी त्यांच्या मांडीवरून घरंगळली. "ह्यांचं नऊ वेळा घेऊन झालं तुमचं. आता मिळणार नाही. आकडाही नाही आणि आवाजही नाही. मास्तरांना म्हणावं, श्वास घ्यायला आमच्या घरी या. आणि जाताना दार ओढून घ्या."

गेले. मी पुन्हा मशीनवर बसले, पॅडल दाबलं आणि सगळं बिघडलं. एकदा चौथा लवकर आला, एकदा फारच उशिरा. कळल्यामुळे पायच शहाणा झाला होता. शिवण वाकडी गेली. मी उसवली, पुन्हा मारली, पुन्हा वाकडी. आता हेही गेलं की काय?

"काय करू हो?" मी विचारलं. मी ह्यांना असं कधी विचारत नाही.

"माझ्याकडे बघू नकोस," हे म्हणाले. "उस्तादांना शिव्या घाल आणि शिव."

ते मला जमतं. मी त्या चष्मेवाल्यापासून सुरुवात केली, मग त्याचं खोकं घेतलं, मग त्याचा लाल दिवा, मग भिंतीच्या गाद्या. कुठल्या गादीपर्यंत पोचले होते कोण जाणे, पँटची एक बाजू शिवून झाली होती. हे डोळे मिटून बसले होते आणि बोट दांड्यावर चाललं होतं. मी दुसरी बाजू शिवायला घेतली.